उचलीतला उद्या

आज गुढीपाडवा. शके 1948 सुरू झाले, संवत्सराचे नाव पराभव. नावाने दचकायचे कारण नाही. साठ संवत्सरांच्या फेऱ्यात ते आपल्या क्रमाने येते आणि आपल्या क्रमाने जाते. गावोगावच्या पारांवर पंचांग उघडेल, यंदा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती आढक हे वाचले जाईल आणि कडुनिंबाचा पाला चावत लोक ऐकतील. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घट मांडले जातील, दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कुठे सरकले यावरून वर्षाचे भाकीत सांगितले जाईल, अंधश्रद्धा निर्मूलनवाले हरकत घेतील आणि वर्तमानपत्रे दोन्ही छापतील. पुढचे वर्ष आधीच मोजून ठेवण्याची हौस आपल्याला जुनीच आहे. बीड जिल्ह्यातल्या तेलगावच्या फाट्यावर याच दिवसांत आणखी एक वाचन चालते. ते पंचांगातून होत नाही, ऊसतोडीच्या टोळ्या बांधणाऱ्या मुकादमाच्या वहीतून होते.

तेलगाव धारूर तालुक्यात. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर-केजकडे चढणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. शेजारी सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना. ज्यांचे नाव त्याला आहे ते सोळंके 1978 च्या पुलोद सरकारात उपमुख्यमंत्री होते. एका अंगाला सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला बालाघाटचा कोरडा माळ. पाण्याच्या अंगाला ऊस उभा राहतो. माळावरची माणसे दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाही तर सरळ बेळगाव-बागलकोटचा रस्ता धरतात, दुसऱ्याचा ऊस तोडायला. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप थांबले, की पाडव्याच्या आगेमागे परततात. फाट्यावर उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘औंदा फिटली का?’ असे विचारतात. काय फिटली हे तिथे सांगावे लागत नाही: हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल.

आता जरा दूर जाऊ. माणसे भूतकाळ, वर्तमान आणि भविष्याकडे कशी पाहतात याचे माप काढायचा उद्योग मानसशास्त्रज्ञ निदान साठ वर्षे करत आहेत. त्यातली सर्वांत गाजलेली मोजपट्टी फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड यांची. झिम्बार्डो म्हणजे 1971 च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगाने नावारूपाला आलेले (काहींच्या मते बदनाम झालेले) प्राध्यापक. 2024 च्या ऑक्टोबरात ते वारले. 1999 मध्ये दोघांनी 56 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते एक ते पाच या अंकांत सांगायचे. उत्तरांवरून माणसाचा कल पाच खान्यांत पडतो: गेलेल्या दिवसांची कडवट आठवण, गेलेल्या दिवसांचा जिव्हाळा, आजची मौज, आजचा दैववाद आणि उद्याची तजवीज. ज्याचा उद्याचा खाना भरलेला तो अभ्यास करतो, बचत करतो, दात घासतो. ज्याचा दैववादाचा खाना भरलेला त्याचे सगळे अवघड, असा साधारण निष्कर्ष. ही पट्टी पहिल्यांदा तपासली गेली ती मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर.

पुढे ती जगभर गेली. 2014 साली ॲना सिर्कोवा आणि सहकाऱ्यांनी 24 देशांतल्या 12,200 जणांची उत्तरे एकत्र करून पट्टी सगळीकडे सारखीच वाचते का हे पाहिले. 56 पैकी 36 विधाने 23 देशांत टिकली. वीस विधाने गळाली. शास्त्राच्या हिशेबाने हे यश आहे आणि आम्ही ते कमी लेखत नाही. एका भाषेत रचलेली पट्टी तेवीस देशांत पाच खाने जसेच्या तसे दाखवते ही लहान गोष्ट नव्हे. त्याहून उथळ उद्योग व्यवस्थापनाच्या पुस्तकांत चालतो. गेर्ट हॉफस्टेड यांच्या 2010 च्या कोष्टकात दूरदृष्टीच्या बाबतीत भारताला शंभरपैकी 51 गुण आहेत. म्हणजे सगळा देश बरोबर काठावर पास. त्या एका आकड्यात मलबार हिलवरचा गुंतवणूकदारही बसला आणि बालाघाटच्या माळावरचा ऊसतोड कामगारही.

झिम्बार्डोंची प्रश्नावली उद्या कोणी तेलगावात आणली, तर कामगाराच्या उत्तरांचे काय होईल, याचा अंदाज बांधायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. पहिली अडचण नावाखालच्या वयाच्या रकान्यातच येते. पन्नाशीपुढच्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख हटकून 1 जून असते, कारण त्या दिवशी गुरुजींनी पट भरला. खरा जन्म विचारा, तर रझाकारात झाला, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना झाला, आणि माणूस त्यांच्याहून तरुण असेल तर किल्लारीच्या भूकंपाच्या साली झाला असे उत्तर येते. 17 सप्टेंबर 1948, 1972, 30 सप्टेंबर 1993. मराठवाड्याचा माणूस आपले वय आपत्तींवर टांगतो. नव्या पिढीला 2020 चा पाडवा मिळाला आहे: 25 मार्च, टाळेबंदीचा पहिला दिवस. लाखाहून अधिक ऊसतोड कामगार तेव्हा कारखान्यांच्या तळावर अडकले आणि एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिल्यावर घरी पोचले. हा माणूस भूतकाळाच्या विधानांपुढे कोणता आकडा लिहील? कडवट म्हणावे तर त्याच दुष्काळाच्या कामावरच्या सुकडीची गोष्ट तो हसत सांगतो.

पुढे भविष्याची विधाने. पुढल्या कामाचे नियोजन करता का? वेळेत काम पुरे करता का? पैसे राखून ठेवता का? यावर ‘नशिबात असंल ते व्हतंय’ असे म्हणून तो मोकळा होईल, विचारणारा दैववादाच्या खान्यात खूण करील, आणि अहवालात वाक्य येईल की या समाजात भविष्याचे भान कमी. असे वाक्य आपल्याकडे अहवालाविनाही बोलले जाते. ‘यांना उद्याचा विचारच नसतो, उचल घेतात आणि लग्नात उडवतात’, हे बीडच्या कोणत्याही कचेरीत चहाबरोबर मिळते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. या माणसाइतका उद्याचा पक्का हिशेब फार थोड्यांकडे असतो, कारण त्याचा उद्या रुपयांत आणि टनांत लिहिलेला असतो. फक्त तो लिहिलेली वही त्याच्याकडे नसते.

ती वही जवळून पाहू. शंभर पानी, पुठ्ठ्याची, कडेला सुतळीने शिवलेली. एका पानावर एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. वर नाव, गाव, खाली उचलीचे हप्ते: अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बोलणीचे थोडे, पेरणीला थोडे, पोळ्याला, मग दसऱ्याला निघताना मोठी रक्कम. शेजारच्या रकान्यात दवाखाना, किराणा, कुणाच्या मयतीला जाण्याचे भाडे. मग हंगामातले टन. मधूनच ‘खा.’ असे अक्षर. तो खाडा. आजारपणाने, बाळंतपणाने, नुसत्या अंगदुखीनेही एक दिवस फडात गेले नाही, की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत मिळवला जातो. कुठे मुद्रांकावर सही-अंगठा घेतलेला असतो, कुठे तेवढेही नसते.

या वहीतले गणित सोपे आहे. 2024 च्या जानेवारीत साखर संघ आणि कामगार संघटनांची बोलणी होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, टनाला 273 रुपयांवरून 366 झाले. उचल एक लाखाची धरा. ती फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. (जुना दर आणि हे टन यांचा आकडा एकच यावा हा योगायोग.) एका कोयत्याने पहाटे चारला फडात उतरून दिवसाला दोन टन तोडले, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत भरल्या, तर 137 दिवस. म्हणजे साडेचार महिने, एकही खाडा न पाडता, आणि तेवढ्या काळात खायला काढलेले पैसे वेगळे. हंगाम तितका चालेलच असे नाही. 2021-22 मध्ये ऊस इतका होता की मराठवाड्यात गाळप मे-जूनपर्यंत लांबले, उन्हात माणसे करपली. 2024-25 मध्ये विधानसभा निवडणुकीमुळे सुरुवात लांबली आणि मार्च संपेतो बहुतेक धुराडी थंड झाली. गाळप कधी सुरू करायचे ते मंत्री समिती ठरवते, किती दिवस चालेल ते दोन वर्षांमागचा पाऊस ठरवतो. कामगाराने नियोजन करायचे ते कशाचे? आणि 90 दिवसांत पट्टा पडला तर उरलेले टन पुढच्या हंगामावर जातात. त्या बाकीवरच नवी उचल बसते.

1967 साली थॉमस कॉटल यांनी एक चाचणी काढली होती, झिम्बार्डोंच्या प्रश्नावलीहून आम्हाला ती जास्त आवडते कारण तिच्यात शब्द जवळपास नाहीत. कोरा कागद द्यायचा आणि सांगायचे, भूत, वर्तमान, भविष्य यांसाठी तीन वर्तुळे काढा, हवी तेवढी मोठी, हवी तशी मांडलेली. कुणी सुटी सुटी काढतो, कुणी एकमेकांना टेकलेली, कुणी एकमेकांत शिरलेली. कॉटल आकारावरून महत्त्व वाचत आणि मांडणीवरून काळांचा एकमेकांशी संबंध. पुढे फॉन्स ट्रॉम्पेनार्स यांनी देशोदेशीच्या व्यवस्थापकांकडून ती काढून घेतली. तेलगावचा कामगार खरे चित्र काढील तर त्याचे भविष्याचे वर्तुळ गेल्या वर्षाच्या वर्तुळाच्या पोटात बसलेले दिसेल, कारण येत्या हंगामातले त्याचे टन मागच्या दसऱ्याआधीच खर्च झाले आहेत. वर्तमानासाठी कागदावर जागा उरेल ती कडेला, पावसाळ्याचे चार महिने, तेव्हा तो स्वतःच्या दोन एकरांत बाजरी-कापूस करतो. हे चित्र पाहून परदेशी अभ्यासक पौर्वात्यांच्या चक्राकार काळाविषयी प्रकरण लिहायला बसेल. त्याला मुकादमाची वही दाखवावी.

त्याच फाट्यावर दुसरी वर्तुळेही आहेत, हे खरे. कालव्याखालचा शेतकरी जुलै-ऑगस्टात आडसाली ऊस लावतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तो तुटतो. इतक्या लांबचा उद्या पेरणाऱ्याला कोणी अल्पदृष्टीचा म्हणणार नाही. कारखान्याला ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे मिळावेत असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ते किती दिवसांत मिळतात हा प्रत्येक हंगामातला वेगळा अग्रलेख आहे. साखरेचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते, सहकारी सोसायटीचे एप्रिलमध्ये, सालगड्याचे आज, पाडव्याला. सालगड्याचे साल आज ठरते, रोख किती, वर ज्वारी किती, हे घासाघीस करून. आजपासून पुढच्या पाडव्यापर्यंतचे त्याचे सगळे दिवस मालकाचे. एकाच गावात एवढी वर्षे नांदत असताना ‘या संस्कृतीचा कालबोध’ असा एकवचनी शब्द वापरायला धाडस लागते.

माणसाचा कल त्याच्या स्वभावात असतो की प्रसंगात, याचा एक पुरावा आपल्या देशातूनच, तोही उसातूनच आला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या 54 गावांतील 464 ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, तोडणीआधी हात रिकामे असताना आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर. 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये तो अभ्यास आला. तोच शेतकरी, तीच चाचणी. तोडणीनंतर गुण लक्षणीय वाढलेले. ती कालदृष्टीची चाचणी नव्हती, हे मान्य. पण बुद्धीची चाचणीही जर माणसाच्या वर्षातल्या वेळेप्रमाणे वरखाली होत असेल, तर ‘उद्याचा विचार करता का?’ या प्रश्नाचे उत्तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एकच कसे येईल? प्रश्नावलीवर तारखेबरोबर पट्टा पडून किती दिवस झाले आणि अंगावर बाकी किती, हे दोन रकाने हवेत. ते नसतील तर उत्तर स्वभावाचे आहे की हंगामाचे, हे सांगता यायचे नाही.

या जिल्ह्यात भविष्य कापून टाकण्याची एक तऱ्हा कोणत्याही पट्टीवर बसत नाही. 2019 मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. कारणे एकाहून जास्त: फडात ना आडोसा ना पाणी, वारंवार होणारे जंतुसंसर्ग, कर्करोगाची घातलेली भीती, खासगी दवाखान्यांचा धंदा. आणि खाडा. दर महिन्याचे दोन-तीन दिवस वहीत ‘खा.’ पडू नये, हा विचार त्या निर्णयात होता, असे बायकांनीच सांगितले आहे. या बाईला आजच्यापुरता विचार करणारी म्हणायचे की पुढच्या वीस हंगामांची तजवीज करणारी? तिने तजवीजच केली. तजवीज करायला तिच्यापाशी शरीराखेरीज काही नव्हते.

मुकादमालाही कोणीतरी बाजू मांडू द्यावी. तो वाहतूक ठेकेदाराकडून लाखोंनी उचलतो, टोळी बांधतो, आणि टोळीतले चार कोयते दोन मुकादमांची उचल घेऊन रातोरात तिसऱ्याच कारखान्याला जातात. पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत अशा फसवणुकीच्या फिर्यादी दर हंगामात पडतात. ट्रॅक्टर गहाण पडलेले ठेकेदार आहेत, आणि वसुलीसाठी डांबून ठेवलेले मुकादम व कामगारही आहेत. उचल घेऊन पळणारा माणूस झिम्बार्डोंच्या खान्यांत आजची मौज करणारा ठरेल. आम्हाला तो वेगळाच दिसतो: ज्या व्यवहारात उद्या आधीच विकला गेला आहे, तिथे तो दुसऱ्यांदा विकून पाहणारा. समर्थन नाही. पण त्याला कालदृष्टी नाही असे कसे म्हणावे?

आणि मुलांचे काय होते ते पाहा. दसऱ्यानंतर तेलगाव-धारूर-वडवणी पट्ट्यातल्या कितीतरी घरांत म्हातारी आणि नातवंडे एवढीच उरतात. पोर फडात नेले तर एक जास्तीचा हात मिळतो, वाढे गोळा करायला, धाकट्याला सांभाळायला. तरी आई-बाप त्याला मागे ठेवतात, आजीपाशी, नाही तर हंगामी वसतिगृहात, कारण एप्रिलमध्ये परीक्षा असते. पाच महिने पोर डोळ्यांआड ठेवण्याचा हा निर्णय कोणत्या विधानापुढे पाचाचा आकडा होऊन बसेल, ते आम्हाला 56 विधानांत सापडले नाही. संत भगवानबाबांच्या नावाने या मुलांसाठी वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ आले, त्यासाठी उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. ओळखपत्रेही निघू लागली. योजना आखणाऱ्यांनी कामगाराला उद्याचा विचार शिकवायची भाषणे तेवढी आवरावीत.

त्यापेक्षा एक लहान काम येत्या महिन्यात करता येईल. अक्षय्य तृतीया जवळ आली, पुढच्या हंगामाची बोलणी तेव्हा सुरू होतील. त्याआधी मागच्या हंगामाचा हिशेब प्रत्येक कोयत्याच्या हातात लेखी पडला पाहिजे: उचल किती, टन किती, खाडे किती, बाकी किती. यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. कारखान्यांच्या वजनकाट्यावर आज संगणक आहे, प्रत्येक गाडीची पावती निघते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा निरोप जातो. त्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, गाडीचा नंबर असतो, ठेकेदाराचे नाव असते, उसाची जात आणि गट क्रमांकही असतो. ऊस तोडला कोणी, यासाठी रकानाच नाही.